अण्णांनी धुतलेला शर्ट

पुणे
२८ ऑक्टोबर २०२५

कौशल्याताई,

मी सिद्धीची आई, सुचेता बिडकर. आपण एकदाच भेटलोय, गेल्या वर्षी, तुमच्या जयनगरच्या घरी. तुम्ही आग्रहाने वांगीभात वाढला होता आणि माझी मुलगी तुमच्या स्वयंपाकघरातले डबे न विचारता उघडत होती. मला जरा हेवा वाटला होता, पण परक्या गावात तिला एक घर मिळालं म्हणून बरंही वाटलं होतं. ती तुम्हाला काकू म्हणते आणि कॅप्टन रावांना, तुमच्या घरातल्या सगळ्यांसारखं, अण्णा. विमानात अर्थात सर.

फोन न करता पत्र लिहितेय, त्याचं कारण स्पष्टच सांगते. चौकशी संपेपर्यंत त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं कंपनीने बजावलं आहे. आपण दोघी फोनवर जे बोलू ते उद्या कोणीही फिरवू शकतं. कागदावरचं फिरवता येत नाही. शिवाय मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे उत्तर लेखी मागायची सवय आहे.

खंडेनवमीच्या दिवशी काय झालं ते मला एवढंच माहीत आहे. भुवनेश्वरहून बंगळुरूला येताना विमान सिद्धी चालवत होती, अण्णा शेजारी होते. धावपट्टी समोर दिसत असताना तिला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बेशुद्ध पडली. अण्णांनी विमान ताब्यात घेतलं. पण ते जोरात आदळलं, शेपटी जमिनीला घासली आणि रम्या नावाच्या हवाई सेविकेच्या मणक्याला मार बसला. बाकी सगळे सुखरूप.

तेव्हापासून सिद्धी येलहंक्याच्या फ्लॅटवर बसून आहे. मेंदूचे आलेख झाले, हृदय तपासून झालं, काही सापडत नाही. आणि काही सापडत नाही हेच वाईट. कारण न कळता बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या हाती पुन्हा विमान देत नाहीत. खाण्यातून बाधलं म्हणावं, तर तिने खाल्लेला विमानातला उपमा कितीतरी प्रवाशांनीही खाल्ला, कोणाला काही झालं नाही. अण्णांनी सँडविच खाल्लं, तेही ठणठणीत. त्यामुळे खाण्याचा प्रश्न चौकशी समितीने बाजूला ठेवला. आता वैद्यकीय मंडळ डिसेंबरात शेवटचं काय ते ठरवणार.

यात मला खुपतंय ते वेगळंच. अण्णांच्या निवेदनात ‘सहवैमानिक सकाळपासून बरी दिसत नव्हती’ असं वाक्य आहे म्हणे. त्या सकाळी ती विमानतळावरून माझ्याशी बोलली होती. आयुधपूजेसाठी टॅक्सीवाल्याने गाडीपुढे कोहळा फोडला आणि कुंकवाचं पाणी तिच्या बुटांवर उडालं, हे सांगताना हसू आवरत नव्हतं तिला. बरं नसलेलं माणूस असं हसत नाही.

अण्णा घरी काय म्हणाले? एवढंच विचारते.

सुचेता बिडकर


जयनगर, बंगळुरू
५ नोव्हेंबर

सुचेता अक्का,

पत्र पोचलं. आमची मराठी तुमच्यासारखी नाही, इतक्या पिढ्या कन्नडात भिजलेली आहे, सांभाळून घ्या.

हे घरी काही बोलले नाहीत. ड्यूटीवरचं घरी आणायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. येत्या ऑगस्टला पासष्ट पुरी होतील आणि उडणं बंद. आजवर विमानाला एक ओरखडा नाही. आज आकाशात उडणारी निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली शिकलेली. हे तुम्हाला सिद्धीने सांगितलंच असेल की.

पण त्यांच्या निवेदनात काय लिहिलं आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं? ते कागद बंद असतात म्हणून ऐकलं होतं मी. तुम्ही मला प्रश्न विचारलात, मग मीही एक विचारला तर सरी, म्हणजे चालेल ना?

त्या दिवसाचं माझ्या लक्षात आहे ते सांगते. आदल्या दिवशी अष्टमी, आमच्या घरातली मोठी पूजा. यंदा तिन्ही भावांची घरं एकत्र होती. नऊ दिवस मी दूध आणि फळांवर, तरी सगळं माझ्याच हातचं. नवमीला सकाळी हे निघाले तेव्हा देवीचा प्रसाद डब्यात घालून दिला, विमानाचीही आयुधपूजा होऊ दे म्हणून. इतकं करूनही असं व्हायचं होतं, त्याला काय करणार.

आता एक बाई म्हणून लिहिते, राग नको. तरुण मुलगी, एकटी राहणारी. चक्कर काय, उलटी काय. मुली डॉक्टरांनासुद्धा सगळं सांगत नाहीत. आईने जवळ बसून स्वल्प विचारावं.

कौशल्या


येलहंका
११ नोव्हेंबर

कौशल्याताई,

मी इथे येऊन राहिले आहे. आता आपण एकाच शहरात आहोत, तरी पत्रच लिहितेय. समोरासमोर आले असते तर जे बोलले असते ते लिहिण्यासारखं नाही.

तुम्हाला जी शंका आली ती डॉक्टरांनाही पहिल्याच दिवशी आली होती. तपासणी झाली. तसं काही नाही. तुमच्या ओट्याशी उभी राहून तुमच्याकडून कोसंबरी शिकलेल्या मुलीबद्दल तुम्ही हे लिहिलंत, ते मी तिला दाखवलेलं नाही.

कागद बंद असतात हे खरं. माणसांची तोंडं नसतात. मला कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही.

इथे आल्यावर तिच्याकडून थोडं थोडं काढलं. ती म्हणते, बरं वाटेनासं झालं तेव्हा तिने रीतसर ‘यू हॅव कंट्रोल’ म्हटलं. म्हणजे विमान आता तुमच्या हाती. त्यावर दुसऱ्याने लगेच ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं असतं. तो शब्द ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात. तिला शिकवणारे अण्णाच. अण्णा बोलले नाहीत. तिने पुन्हा म्हटलं. तरी नाही. ते समोर बघत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

हे सगळं व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. म्हणजे तिचा आवाज आहे आणि पुढे शांतता आहे. अण्णांनी त्या शांततेचा खुलासा असा केलाय की ते तिच्याकडे बघत होते, तिला काय होतंय ते पाहत होते. सिद्धी म्हणते, ते समोर बघत होते. पण हे तिने निवेदनात लिहिलेलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, “आई, त्यांचे थोडेच महिने राहिलेत.”

मी शंकेखोर बाई आहे, लपवत नाही. आदल्या रात्री पूजा होती, घरात पाहुणे होते. पूजेनंतर अण्णा काही प्यायले होते का?

सुचेता बिडकर


जयनगर
२३ नोव्हेंबर

सुचेता अक्का,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. अष्टमीच्या रात्री आमच्या घरात दारू! तुमचं पत्र फाडायला घेतलं होतं, मग राहू दिलं. उतरल्यावर त्यांची श्वासाची तपासणी झाली आणि ती साफ आहे, हे तुम्हाला त्या सांगणाऱ्या माणसाने सांगितलं नाही वाटतं.

पण घामाचं वाचलं आणि झोप गेली. ह्यांना घाम येत नाही. मे महिन्यात लग्नाच्या मांडवात कोट घालून बसणारा माणूस आहे.

मी तुमच्या मुलीबद्दल वाईट लिहिलं. ते असंच सुचलं नव्हतं. आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते.

त्या दिवशी हे खूप उशिरा आले. आल्या आल्या न्हाणीघरात गेले आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा युनिफॉर्मचा शर्ट धुऊन, पिळून हातात. स्वतः दोरीवर घातला. अक्का, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. सकाळी बघते तर तोच शर्ट पुन्हा साबण लावून बादलीत. विचारलं तर म्हणाले, सिद्धीला उचलताना तिची उलटी अंगावर उडाली. सरी, असेल. पण मग तो मशीनमध्ये टाकायचा, नाहीतर कामाच्या भागुबाईला द्यायचा. माझ्यापासून लपवून दोनदा कशाला धुवायचा? बायको शर्टावर काय शोधते ते तुम्हाला सांगायला नको. आणि ती तुमची सिद्धी दर रविवारी माझ्याकडे जेवायला, अण्णा अण्णा करत.

दोन दिवस जेवले नाहीत. नुसती पेज, तीसुद्धा खोलीत. दसऱ्याच्या होळिगेला, तुमच्या पुरणपोळीला, हात लावला नाही. मी समजले, मनात काहीतरी आहे. तेव्हा मला नीट बघायला वेळही नव्हता. धाकट्या जावेची दोन्ही पोरं उलट्यांनी आडवी, दीर हातात तांब्या घेऊन फिरतायत. जाऊबाई म्हणाली, पोरांनी बाजारात गोबी मंचुरी खाल्ली असणार. एकटा माझा मुलगा विराज तेवढा धड होता, तो मारतहळ्ळीहून ऑफिस आटपून नवमीची पूजा उरकल्यावर, संध्याकाळी आला होता. त्यालाच सगळी औषधं आणायला पळवलं.

मला एकच सांगा. त्या दोघांत काही होतं का? खरं असेल ते लिहा. मी पत्र जाळीन.

कौशल्या


येलहंका
२७ नोव्हेंबर

कौशल्याताई,

त्या दोघांत काही नव्हतं. हे मी आई म्हणून लिहीत नाही. तुमचंच पत्र मला ते सांगतंय, आणि तुम्ही लिहिताना ते तुम्हाला दिसलं नाही याचं नवल वाटतं.

तुमचं पत्र वाचून मी सिद्धीला विचारलं, त्या दिवशी तू काय काय खाल्लंस. तिने पाठ केल्यासारखं सांगितलं, मी उपमा आणि सरांनी सँडविच. दोन वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नाही असा त्यांच्यात नियम आहे. अन्न बाधलंच तर एकाला बाधावं, दुसरा शाबूत राहावा. हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत असणार. समितीनेही दोघांना तेच विचारलं, दोघांनी तेच सांगितलं, आणि ते खरंच होतं.

मग मी विचारलं, आणि प्रसाद?

तेव्हा तिने सांगितलं. भुवनेश्वरला विमान उभं होतं तेव्हा अण्णांनी डबा उघडला. गोडभात. अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः घेतला. आयुधपूजेचा दिवस, देवीचा प्रसाद, नाही कसं म्हणायचं. पोटभर होता म्हणाली, सकाळपासून धावपळ झालेली, दोघांनी डबा पुसून खाल्ला. “मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?” तर म्हणाली, “ते जेवण नव्हतं, आई. प्रसाद होता.” खोटं बोलत नव्हती. पहिल्या दिवशी तिच्या खरंच डोक्यात आलं नसेल. पण आज हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे नंतर कधीतरी आलं.

आता तुमच्या घरचं बघा. जावेची पोरं, दीर आणि शर्ट लपवून धुणारे, पेज पिणारे अण्णा. सगळे एकाच वेळी आजारी. तुम्ही नाही, कारण तुमचा उपास. विराज नाही, कारण तो उशिरा आला. गोबी मंचुरी तुमच्या दिरांनीही खाल्ली होती का?

तो भात कधी शिजवला होता आणि रात्रभर कुठे होता, एवढंच मला हवंय. अण्णांना त्या शांततेत काय होत होतं ते मला आता कळलं असं वाटतं. आणि ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, असंही वाटतं. तुम्हाला कधी कळलं ते मी विचारत नाही. पहिल्याच पत्रात तुम्ही प्रसादाचा उल्लेख का केलात, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

सुचेता बिडकर


जयनगर
२ डिसेंबर

श्रीमती बिडकर,

आमच्या घरात देवीचा नैवेद्य माझ्या सासूच्या सासूपासून याच रीतीने होतो. तो खाऊन आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. तुम्ही मुलीसाठी कारण शोधताय हे मी समजते, पण त्यासाठी माझ्या देवघरापर्यंत यायचं नाही.

यापुढे मला लिहू नका.

कौशल्या अभिमन्यू राव


येलहंका
९ डिसेंबर

कौशल्याताई,

नको म्हणालात तरी हे एक लिहिते, मग थांबते.

मंडळ पुढच्या आठवड्यात बसतंय. त्यांच्यापुढे जे कागद आहेत त्यांवरून ते एकच ठरवू शकतात, आणि मग सिद्धी पुन्हा कधी उडणार नाही. मी स्वतः समितीकडे जायला निघाले होते. सिद्धीने दार अडवलं. मला वाटलं, अण्णांसाठी. नियम आपणही मोडला ही भीती असेल, असंही वाटलं. दोन्ही नव्हतं.

ती म्हणाली, “आई, काकूंना कळलं तर त्या पुन्हा देवीपुढे भात ठेवू शकतील का? नऊ दिवस उपाशी राहून केला होता त्यांनी.”

मी तिच्यावर खूप ओरडले. मग आत जाऊन बसले. विमान चालवायचं म्हणून ही मुलगी सातवीपासून चष्मा लागू नये म्हणून गाजरं खात होती.

तुमच्यावर रागावण्याची माझी ताकद संपली आहे. बाकी तुमचं तुम्ही बघा.

सुचेता


जयनगर
१६ डिसेंबर

सुचेता अक्का,

तुमचं पत्र देवघरात नेऊन वाचलं. दुसरीकडे कुठे वाचवेना.

आता तुम्ही विचारलं होतं ते. भात अष्टमीला दुपारी शिजवला. तीन घरांचा म्हणून यंदा मोठ्या पितळी पातेल्यात, तांदूळ, गूळ, खोबरं, केळी. गरमच देवीपुढे ठेवला, वर झाकण, झाकणावर फुलं. आमच्याकडे अष्टमीचा नैवेद्य रात्रभर देवीपुढून हलवत नाहीत. शेजारी नंदादीप. नवमीला सकाळी आरती करून उचलायचा आणि वाटायचा. मी उचलला तेव्हा पातेलं अजून कोमट होतं. देवीची ऊब आहे, असं म्हणाले मी. हे माझंच वाक्य, अक्का. सगळ्यांना ऐकवलं होतं. मी मात्र उपासामुळे प्रसाद नुसता डोळ्यांना लावला.

तुमचं हे पत्र यायच्या आधीच मी आमच्या डॉक्टर भीमाचार्यांकडे गेले होते. नाव न घेता, एका घरात असं झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, गरम भात झाकून असा ठेवला तर त्यात विष धरतं, वासाला कळत नाही, चवीला कळत नाही, दोन-चार तासांत उलट्या. मग म्हणाले, कौशल्यम्मा, कोणी खाल्ला? मी उठून आले.

तरी दोन दिवस गप्प होते. खोटं का लिहू. सासूच्या सासूच्या वेळी घरात चार माणसं, लहानसं पातेलं, थंड शहाबादी फरशी, भात लवकर निवायचा. त्यांच्या रीतीत काही चुकलं नव्हतं. पातेलं मी मोठं केलं. तरी जाऊबाई काय म्हणेल, लोक देवीला काय म्हणतील, हेच डोक्यात. मग तुमचं पत्र आलं.

त्या संध्याकाळी हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि विचारलं, “त्या दिवशी शर्टावर काय होतं?”

“सांगितलं होतं ना.”

“दुसऱ्याची उलटी कोणी दोनदा धूत नाही.”

पेपर खाली आला. मग सांगितलं. सिद्धी कंट्रोल म्हणाली तेव्हा ह्यांच्या पोटातून कळ वर आलेली. तोंड उघडलं असतं तर सगळं समोरच्या यंत्रांवर पडलं असतं. म्हणून दात आवळून बसले, बोलले नाहीत. तेवढ्यात ती पुढे कलंडली आणि विमान खाली गेलं. एका हाताने तिला मागे सारत दुसऱ्या हाताने ओढलं, ते उशिरा ओढलं. विमान थांबलं, सगळे तिच्याभोवती आणि रम्याभोवती धावले, तेव्हा हे संडासात गेले, तिथे पोचेपर्यंत उलटी शर्टावरच झाली होती.

“म्हणजे तेव्हाच कळलं होतं.”

“कळलं होतं.”

“मग ती बरी दिसत नव्हती असं का लिहिलंत?”

पेपरची घडी घातली. मग म्हणाले, त्यांनी तिला विचारलं होतं. विमानतळावरच्या दवाखान्यात दोघं शेजारी होते, तेव्हा विचारलं की प्रसादाचं सांगायचं का. तीच नको म्हणाली, काकूंना कळू देऊ नका म्हणाली.

“तिला विचारलंत की सुचवलंत? कॅप्टन तुम्ही ना?”

“कौशल्या, माझे थोडे महिने राहिलेत.”

“तिची सगळी वर्षं राहिलीत.”

रात्री जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. सकाळी पाणी तापवायला उठले तर हे युनिफॉर्म घालून खुर्चीवर बसलेले. विराज म्हणाला, अण्णा, चौकशी संपेपर्यंत सस्पेंड आहात, युनिफॉर्म कशाला? तर उठून साधा शर्ट घालून आले. त्यांच्या हाताला बटणं लागत नव्हती, मी लावली.

काल आम्ही समितीच्या ऑफिसात गेलो. हे आत गेले, मी बाकावर. मग मलाही बोलावलं. भात किती वाजता उतरवला, झाकण कसलं, खोली केवढी, खिडकी होती का. देवघराला असे प्रश्न कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. सगळ्याची उत्तरं दिली. एक तरुण अधिकारी होता, त्याने विचारलं, जेवणात प्रसादही धरायचा हे सरांसारख्या माणसाला सुचलं कसं नाही? हे म्हणाले, “आमच्याकडे धरत नाहीत.” मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती, आणि इतका रागही.

पोरांना तपासलेल्या डॉक्टरचं नाव द्यायला जाऊबाई तयार नव्हती. विराजने दिलं. ती आता आमच्याशी बोलत नाही.

तुम्ही मला विचारत नाही म्हणालात ते सांगते. पहिल्या पत्रात प्रसाद लिहिला तेव्हा मला काही माहीत नव्हतं. देवीची साक्ष म्हणून लिहिला होता. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. माझ्यावरच्या संशयासाठी मी तुम्हाला बोलणार नाही, कारण तुमची सगळी पत्रं मी विराजकडे देऊन ठेवली होती, वकिलाला दाखवायला.

सिद्धीला सांगा, रविवारी यायचं असलं तर ये. नाही आली तरी सरी.

कौशल्या


येलहंका
१७ जानेवारी २०२६

कौशल्याताई,

तुमचीही पत्रं मी क्रमाने लावून एका फाईलमध्ये ठेवली होती. तीही वकिलासाठीच. फिटंफाट.

मंडळाने सिद्धीला तंदुरुस्त ठरवलं. बेशुद्ध पडण्याला कारण सापडलं आणि ते तिच्या शरीरात नव्हतं, एवढं पुरलं. परवापासून सिम्युलेटरवर जाईल, मग पुन्हा आकाशात. नियम मोडल्याची तिला लेखी समज मिळाली आहे. ती तिने आरशाला चिकटवली आहे.

अण्णांचं कळलं. आता ते उडणार नाहीत. अहवालात वैमानिकाची चूक असं येईल, म्हणतात. ती एकच ओळ लोक लक्षात ठेवतील. मी त्यांना माफ केलंय असं लिहिणार नाही. बटणं लागत नव्हती हे तुम्ही लिहिलंत ते मात्र विसरता येत नाही. कंपनीने नवी सूचना काढली आहे की घरून आणलेलं काहीही, प्रसाद, लग्नाचा लाडू, काहीही, दोघांनी मिळून खायचं नाही. पोरं हसतात म्हणे, पण पाळतात.

रविवारी सिद्धी आली नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला यायचं होतं. मीच म्हटलं, आधी उडू दे. माझं मन अजून तेवढं मोकळं झालेलं नाही. ते होईल तेव्हा मीही तिच्याबरोबर येईन.

संक्रांतीला तुम्ही पाठवलेला डबा मिळाला. पांढरे तीळ, गूळ, खोबऱ्याच्या कातळ्या, शेंगदाणे, सगळं कोरडं, वर साच्यात पाडलेले साखरेचे अच्चु, एक पक्षी आणि एक तुळशीवृंदावन. तुम्ही चिठ्ठीत काही लिहिलं नव्हतं. झाकण उघडून आम्ही दोघी बघत बसलो. मी हात पुढे केला, तर सिद्धीने डबा स्वतःकडे ओढला.

म्हणाली, “आधी मी. तू रात्री खा. दोघींनी एकदम नाही.”

तिने पक्षी खाल्ला. संध्याकाळपर्यंत मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. मग मी तुळशीवृंदावन खाल्लं.

डबा धुऊन ठेवलाय. आमच्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, म्हणून थोडं थांबा.

सुचेता